हाफ का फुल? गेममधली आपली माणसं मराठीत लिहिताना

भुसावळहून चोपड्याला जाणारी एसटी, खच्चून भरलेली. खिडकीजवळ पंचेचाळिशीची एक बाई बसलीय. कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर बामणोदच्या वांग्यांची पिशवी. तिच्या आधार कार्डावर अजून जुनं नाव आहे, पुरुषाचं. खेळणारा कंडक्टर आहे. हातात तिकिटाचं मशीन, समोर दोन बटणं: हाफ आणि फुल. मागून माणसं ओरडतायत, डबल बेल द्यायचीय. बाई पैसे पुढे करते आणि म्हणते, "एक चोपडा."

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी हा सीन लिहिता आला नसता. बाईला सहसा कुणी कार्ड मागत नाही, कंडक्टर चेहरा बघतो आणि बटण दाबतो. कुणाचा चेहरा बघून त्याचं बोट थांबतं, हेच मला गेममध्ये आणायचं होतं. गोष्टीत ते वाचकाला सांगावं लागतं. गेममध्ये ते बोट खेळणाऱ्याचं असतं.

मी दिवसा सावद्याला केळीच्या एका ग्रुपच्या ऑफिसात हिशेब लिहिते आणि रात्री छोट्या मराठी गेमचे संवाद. आम्ही तिघं आहोत: मी, चित्रं काढणारा माझा मामेभाऊ आणि धुळ्याचा एक प्रोग्रामर. माझी जोडीदार नर्स आहे. आम्ही सात वर्षं एका घरात राहतो आणि घरमालकीण काकू आम्हाला मावसबहिणी समजतात. इतके गेम खेळले, पण त्यात माझ्यासारखी बाई मराठीत बोलताना मला कधी भेटली नाही. म्हणून लिहायला लागले. तुम्हालाही गेममध्ये समलिंगी किंवा पारलिंगी (ट्रान्स, म्हणजे जन्मताना ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेलं) पात्र आणायचं असेल, तर मी काय करते ते सांगते.

आधी काम, मग ओळख

माझ्या पहिल्या मसुद्यात ती बसमधली बाई रडायची. चोपडा येईपर्यंत रडायची आणि मधेमधे स्वतःची कहाणी सांगायची. तो मसुदा मी भुसावळच्याच एका पारलिंगी ताईंना वाचायला दिला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "हिला भूक नाही लागत का गं? आणि ही चाललीय कुठं?" मला सांगता आलं नाही. मी तिला दुःख दिलं होतं, पण बसमधून उतरायचं गावच दिलं नव्हतं. मग ठरलं: ती भाचीच्या घरी बारशाला चाललीय आणि तिथे पन्नास माणसांचं भरीत तिला करायचंय. वांगी तिने स्वतः निवडून घेतलीत. उशीर झाला तर काड्या पेटवून वांगी भाजायला उजेड राहणार नाही, म्हणून तिला घाई आहे. एवढं झाल्यावर ती आपोआप बोलायला लागली.

२०१४ च्या ड्रॅगन एज: इन्क्विझिशन या गेममध्ये क्रेम नावाचा सैनिक आहे. तो पहिल्यांदा भेटतो तो भाडोत्री तुकडीचा निरोप घेऊन: किनाऱ्यावर या, आमचं काम बघा, पटलं तर ठेवा. तो ट्रान्स पुरुष आहे हे पुढे कधीतरी गुत्त्यात गप्पा मारताना कळतं. तोवर तुम्ही त्याला कामावर ठेवलेलं असतं. याच्या उलट उदाहरण २०१७ च्या मास इफेक्ट: अँड्रोमेडाचं. हेन्ली एब्रम्स ही ट्रान्स शास्त्रज्ञ पहिल्याच भेटीत, ओळखपाळख नसताना, खेळणाऱ्याला आपलं जुनं नाव सांगून टाकते. ट्रान्स खेळाडूंनी हरकत घेतली, गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीने माफी मागितली आणि अपडेटमध्ये तो संवाद बदलला. दोन्ही गेम एकाच कंपनीचे, म्हणून हा फरक शिकण्यासारखा आहे. जुनं नाव म्हणजे पोटातली गोष्ट. ती माणूस कुणाला सांगतो, किती वर्षांच्या ओळखीनंतर सांगतो, की कधीच सांगत नाही, यावरून तुमचं पात्र घडतं.

मी प्रत्येक पात्रासाठी वहीत तीन ओळी लिहिते. सकाळी उठल्यावर पहिलं काम काय? आज याला काय मिळवायचंय? कुणाचे पैसे द्यायचेत? या तिन्हींची उत्तरं येईपर्यंत ते कुणावर प्रेम करतं याचा विचारही करायचा नाही.

क्रियापद

इथे मराठीत लिहिणाऱ्याला इंग्रजी गेमांचा काही उपयोग होत नाही. तिकडे पात्राचं सर्वनाम कोडमधल्या एका कप्प्यात, व्हेरिएबलमध्ये ठेवलं की बरंचसं भागतं. आमच्या प्रोग्रामरनेही सुरुवातीला तसंच केलं आणि पहिल्या दिवशी पात्र म्हणालं, "ती आला." आपल्याकडे "मी" म्हणणाऱ्याचं लिंग क्रियापद सांगून टाकतं. मी जातो, मी जाते. तू आलास, तू आलीस. दमलेला, दमलेली. शिवाय आपण नावाने हाक कमीच मारतो. भाऊ, ताई, मावशी, नाना म्हणतो. म्हणजे समोरच्याचं तोंड उघडलं की त्याने तुम्हाला काय समजलंय ते कळलंच.

तर पहिली गोष्ट: प्रत्यय जोडून वाक्यं बनवू नका. पूर्ण वाक्यं दोनदा लिहा, एक पुल्लिंगी आणि एक स्त्रीलिंगी, आणि कोडमध्ये अख्खं वाक्य बदला. काम दुप्पट होतं, पण लिहिताना लक्षात येतं की दोन वाक्यं नुसती शेवटी वेगळी नसतात. "बसते जरा" म्हणणारी कुठे बसेल आणि "बसतो जरा" म्हणणारा कुठे, ते आपल्या एसटी स्टँडवर वेगळं असतं.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. मराठीत लिंग झाकायच्या वाटा आहेत, आणि त्या रोजच्या बोलण्यातल्या आहेत. भविष्यकाळ घ्या: "मी येईन" कुणीही म्हणेल. "मी भाकरी खाल्ली" मधलं क्रियापद भाकरीच्या मागे जातं, खाणाऱ्याच्या मागे जात नाही. "मला निघायचंय" मध्ये कोण निघतंय ते कळत नाही. "तुम्ही आलात" पुरुषालाही चालतं आणि बाईलाही. आणि माझ्या आजोळी, अमळनेरकडे, अहिराणीत तर "मी जास" पुरुषही म्हणतो आणि बाईही. वर्तमानकाळात तिथे क्रियापदातून लिंग कळतच नाही. पुढे "तो उना, ती उनी" असा भूतकाळ आला की परत येतं. आजीच्या तोंडून "मी जास" हजारदा ऐकलं होतं, पण या कामाला लागेपर्यंत त्यात काय दडलंय ते मला दिसलं नव्हतं.

या वाटांवर आमचं एक अख्खं पात्र उभं आहे. पारोळ्याचं एक पोरगं पुण्यात शिकायला असतं. घरचे त्याला मुलगा समजतात. दर रविवारी आईचा फोन येतो. खेळणाऱ्याने उत्तरं निवडायची. "मी येईन दिवाळीला." "जेवण केलंय मी." "मला झोपायचंय आता." पहिल्या दोन फोनमध्ये कुणाला काही जाणवत नाही. तिसऱ्या फोनला आई म्हणते, "तू हल्ली येतो म्हणत नाही रे. येईन येईन करतो." आईला व्याकरण माहीत नाही, पण कान आहे. आणि पुढे एका रात्री खोलीतल्या मैत्रिणीला चहाला जाताना ते पात्र म्हणतं, "थांब, मी येते." पडद्यावर दोन पर्याय असतात: "मी येतो" आणि "मी येते". फरक एका कान्याचा. आम्ही तिथे संगीत ठेवलं नाही, पात्राचा चेहराही जवळ आणला नाही. मैत्रीण फक्त म्हणते, "चल मग."

एक धोका सांगते. ही झाकपाक पानभर चालवली तर पात्र लाकडासारखं बोलायला लागतं. झाकायला कारण असेल तिथेच झाका. पात्र पुरुष किंवा बाई असं ठाम असेल तर त्याला मोकळेपणाने त्याचं क्रियापद द्या. एखादी पारलिंगी बाई "मी आले" म्हणते तेव्हा तिला ते म्हणायला किती वर्षं लागलीत ते त्या "ले" मध्ये असतं. ज्या व्यक्तीला तो आणि ती दोन्ही नको असतं तिच्यासाठी "ते आलं" लिहावं असं काहींना सुचतं. मोठ्या माणसाला नपुंसकलिंग लावलं की आपल्या कानाला ते लहान पोर किंवा वस्तू वाटते, म्हणून मी ते टाळते. कुणी स्वतःसाठी आवडीने वापरत असेल तर गोष्ट वेगळी. आणि बोली बघून लिहा. कोल्हापूरकडे कितीतरी बायका "मी आलो" म्हणतात, त्यांच्या बोलण्यात हा सगळा खेळ चालणार नाही. आमच्या यावल-रावेरची लेवा बोली वेगळी, धुळ्याची अहिराणी वेगळी. आपल्या पात्राची आई कोणत्या गावची, ते आधी ठरवा.

हे सगळं पडद्यावर नीट दिसायलाही हवं. गेम बनवायच्या काही सॉफ्टवेअरांत, म्हणजे इंजिनांत, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरं फुटतात. गोडो ४ (Godot) या इंजिनात देवनागरी सरळ येते. कोणतंही इंजिन घ्या, पहिल्या दिवशी त्यात "क्रियापद", "स्त्री" आणि "तिकीट" लिहून बघा.

मावसबहिणी

आपल्या भाषेत झाकायचे शब्द भरपूर आहेत आणि माणसं त्यांच्या आडोशाला आयुष्य काढतात. मैत्रीण, रूममेट, मावसबहीण, "तो माझ्यासोबत राहतो". गेममध्ये हे शब्द पर्याय म्हणून ठेवता येतात, आणि तिथे आपल्याला गोष्टीपेक्षा जास्त काही करता येतं.

आमच्या गेममध्ये दोन बायका भाजी बाजारात जातात. भाजीवाली मावशी म्हणते, "दोघी बहिणी का गं? नाक सारखंच दिसतं." खेळणारीला चार उत्तरं: "हो मावशी." "मैत्रिणी आहोत." नुसतं हसणं. आणि "नाही, आम्ही एकमेकींच्या आहोत." चौथं उत्तर धाडसाचं आणि बाकीची भित्री, असं मी ठरवलेलं नाही. तुम्हीही ठरवू नका. चौथ्या उत्तराला जास्त गुण दिले तर रोज "हो मावशी" म्हणून घर चालवणाऱ्या माझ्यासारखीला तुम्ही हरवून टाकलंत. प्रत्येक उत्तराने वेगळं काहीतरी घडू द्या. "हो मावशी" म्हटलं तर मावशी दोघींना मिळून एक कोथिंबिरीची जुडी देते आणि सोबतची दुसरी बाई घरी येईपर्यंत बोलत नाही. चौथं म्हटलं तर मावशी वजन करत राहते, आणि पुढच्या आठवड्यात काय होतं ते पुढच्या आठवड्यात.

वस्तूंना बोलू द्या

२०१३ च्या गॉन होममध्ये खेळणारी रिकाम्या घरात ड्रॉवर उघडत फिरते आणि धाकट्या बहिणीचं एका मुलीवरचं प्रेम तिला चिठ्ठ्यांतून, कॅसेटमधून कळत जातं. समोर एकही माणूस येत नाही. मी तो गेम खेळले तेव्हा आमच्या घरात कुणी असं फिरलं तर त्याला काय सापडेल असा विचार आला आणि उठून घरात फिरले. एक मोठी गादी. एका खुंटीवर दोघींच्या ओढण्या. फ्रिजवर दोघींच्या ड्यूटीचा एकच कागद. आणि दुसऱ्या खोलीत कायम घातलेली, कुणी कधी न झोपलेली एक खाट, पाहुण्यांना दाखवायची.

त्या खाटेवरून आमचा सगळ्यात चांगला सीन झाला. आई यावलहून निघालीय, पोचायला वीस मिनिटं. घरात चौदा वस्तू आहेत, त्यातल्या काही हलवायच्या. उशी दुसऱ्या खाटेवर न्यायची का? फोटो फडताळात ठेवायचा का? खाटेवरची चादर मुद्दाम थोडी चुरगळायची का, म्हणजे कुणी झोपत असल्यासारखं दिसेल? मी कुठेही लिहिलं नाही की यांचं प्रेम आहे. खेळणाऱ्याने चादर चुरगळली की त्याला कळतं.

अमळनेरकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते, तेव्हाही आम्हाला असाच एक सीन मिळाला. आमच्या आजोळी तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, बाहेरच्याला देत नाहीत. गेममध्ये पंगत बसलीय, जोडीदार "मैत्रीण" म्हणून आलीय, आणि वाढायचं काम आजीकडे आहे. आजी रोट घेऊन तिच्या ताटापाशी येते. तिथे खेळणाऱ्याला काहीच करता येत नाही, बघायचं फक्त. संवाद शून्य. तुमच्या गावच्या सणात कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवणारी एखादी गोष्ट असेलच. ती शोधलीत तर दहा पानांचे संवाद लिहायचे वाचतील.

शब्द आणि तारखा

इथे थोडक्यात, पण चुकू नका. तमाशात किंवा खानदेशातल्या वहीगायनात बाईचं सोंग घेणारा पुरुष हा कलावंत आहे, त्यावरून तो कोण हे ठरत नाही. गुरू-चेल्याच्या परंपरेत राहणारे तृतीयपंथी आणि नोकरी करून घरी राहणारी पारलिंगी बाई यांची आयुष्यं वेगळी. समलिंगी पुरुष बायकी बोललाच पाहिजे असं काही नाही. शिवी वापरायची तर कोण देतं आणि त्यानंतर पात्र काय करतं ते लिहा. नुसता गावाचा रंग म्हणून शिव्या पेरू नका, त्या आम्ही ऐकलेल्या आहेत.

गोष्ट कोणत्या साली घडते ते पक्कं करा. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून प्रौढांच्या खुशीच्या संबंधांना बाहेर काढलं. त्याआधीच्या गोष्टीत पोलिसाच्या हातात धमकी आहे, नंतरच्या गोष्टीत तीच धमकी पोकळ आहे आणि पात्राला ते माहीत आहे की नाही हाच प्रश्न. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे दवाखान्याच्या फॉर्मवर "रुग्णाशी नातं" या रकान्यात माझ्या पात्राला अजूनही काय लिहावं ते कळत नाही. २०१९ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळतं. त्यासाठीची धावपळ हीच एका गेमची गोष्ट होईल. आणि दुःखाबाहेरही बघा. २०२४ च्या विधानसभेला वंचित बहुजन आघाडीने आमच्या रावेरमधून शमिभा पाटील यांना उमेदवारी दिली. पारलिंगी बाई गावात मत मागत फिरते हे आमच्या इथे घडलंय, मग गेममध्येच ती कायम स्टेशनवर बसलेली का?

शेवटाला मारू नका, हेही सांगते. समलिंगी जोडीतलं एक मरतं किंवा दोघं तुटतात असा शेवट इतक्यांदा झालाय की खेळणारी सुरुवातीपासून त्याची वाट बघत बसते. गॉन होममध्ये मी माळ्याची शिडी चढताना माझे हात गार पडले होते. वर गेल्यावर कळलं की त्या दोघी सोबत निघून गेल्यात, आणि मी खुर्चीत रडले. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये तर तुमचं पात्र बाई असो की पुरुष, गावातल्या कुठल्याही लग्नाळू बाईशी किंवा पुरुषाशी लग्न करू शकतं आणि गाव शांतपणे लग्नाला येतं. काहींना त्यात धार नाही असं वाटतं. मला वाटतं आपल्या लोकांना तसाही एक गेम हवा, जिथे शेती करायची आणि संध्याकाळी बायकोसाठी घरी जायचं, बस.

वाचून घ्या, खेळून घ्या

ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांना मसुदा दाखवा आणि त्या वेळेचे पैसे द्या. मी स्वतः समलिंगी आहे म्हणून पारलिंगी पात्र मला आपोआप कळत नाही, हे मला "हिला भूक नाही लागत का" या एका प्रश्नाने शिकवलं. त्या ताईंना आता प्रत्येक भाग आधी जातो. एका माणसाच्या होकाराने भागत नाही, दोन-तीन जण हवेत, आणि त्यांचं एकमेकांशी पटलं नाही तर ते भांडण गेममध्ये घ्या.

आणि ज्यांच्या कामाबद्दल लिहिताय त्यांनाही दाखवा. बसचा सीन मी आमच्या गल्लीतल्या काकांना खेळायला दिला. गेल्या वर्षी ते कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. शेजारी बसा, बोलू नका, फक्त त्यांच्या बोटाकडे बघा, हा माझा नियम. काकांचं बोट हाफवर गेलं नाही आणि फुलवरही गेलं नाही. ते पडद्यावर इकडेतिकडे फिरत राहिलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "अगं, ताईला विचारायचं बटण कुठंय? सुट्टे देता देता विचारून घ्यायचं, हळू आवाजात, मागच्याला ऐकू जाणार नाही असं. मी तसंच करायचो."

त्या रात्री तिसरं बटण घातलं. ते दाबलं की कंडक्टर वाकतो, बसचा आवाज मोठा होतो, आणि बाई काय म्हणाली ते खेळणाऱ्याला एकट्यालाच ऐकू येतं.